तहकूब सभा

‘तहकूब’ हा शब्द आमच्या घरात माझ्या बायकोनं आणला. त्याआधी तो मी फक्त वाचला होता. माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. पुस्तकांत राहणाऱ्या माणसाला पुष्कळ शब्द माहीत असतात, पण ते त्याच्या तोंडात रुळलेले नसतात. हा शब्द आमच्या भागात आता दोनच ठिकाणी ऐकू येतो, कोर्टात आणि नगरपंचायतीत. काम संपलेलं नाही, आजपुरतं थांबलं आहे, पुन्हा बसू तेव्हा इथूनच पुढं जाऊ, असा त्याचा अर्थ. निवडून आल्यावर पहिल्या सभेहून ती घरी आली, चपला काढता काढता म्हणाली, “अहो, सभा तहकूब झाली,” आणि मग चहा पिताना स्वतःशीच हसायला लागली.

“किती छान शब्द हाय. ऐकायला रागावल्यासारखा वाटतो, पण रागावलेला न्हाई.”

त्या दिवसापासून आमच्या घरात सगळंच तहकूब व्हायला लागलं. दूध नासलं की चहा तहकूब. पाहुणे आले की भांडण तहकूब. मी वाचत बसलो आणि जेवायला उठलो नाही, की ती स्वयंपाकघरातून विचारायची, “वाचन तहकूब करता, का ताट झाकून ठेवू?”

तिला जाऊन आता दुसरा उन्हाळा लागला आहे. घरात हा शब्द कोणी उच्चारत नाही. पण तिच्यासाठी भरलेली एक सभा मी पाहिली, आणि ती मला अजून पुरती उलगडलेली नाही. त्या सभेबद्दल लिहायला मला इतके दिवस लागले.

ती राजकारणात आली ती आरक्षणामुळं. आमचा प्रभाग महिलेसाठी सुटला, तेव्हा पुढं नगराध्यक्ष झालेले गृहस्थ माझ्याकडं आले. शेतकरी माणूस, हळदीचं मोठं रान, खांद्यावर कायम पांढरा रुमाल. मी गावात कुणाच्या अध्यात ना मध्यात, शिकलेला, निरुपद्रवी. माझ्या घरातलं नाव त्यांना सोयीचं वाटलं असावं. ते मला म्हणाले, “सर, वैनीचं नाव टाकतो. काम तुमीच बघायचं.”

ती दारात उभी होती. म्हणाली, “मंग यांनाच उभं करा की, साडी नेसवून.”

ते एवढे हसले की रुमालानं डोळे पुसावे लागले. पण तिनं ते हसण्यावारी नेलं नव्हतं. निवडून आल्यावर तिनं मला एकच गोष्ट बजावली. नगरपंचायतीच्या इमारतीत मी पाऊल टाकायचं नाही. “तुमी आलात की सगळे तुमच्याकडं बघून बोलतील. मी बालवाडीत इतकी वर्षं लेकरं सांभाळली, मला ही मोठी लेकरं बी सांभाळता येतात.” मी कधी गेलो नाही. सभेत काय होतं ते मला तिच्या तोंडून कळायचं, आणि ती सगळ्यांच्या नकला करून सांगायची.

तिचा विषय एकच होता. तशी तिनं नाल्या केल्या, दिवे लावून घेतले, पण तिच्या मनातला विषय एकच. आमच्या आठवडी बाजारात बायकांसाठी संडास-मुतारी नव्हती.

मी त्या बाजारात जन्मभर पिशवी घेऊन फिरलो. मला ते कधी दिसलं नाही. तिनं दाखवलं. एका बाजारच्या दिवशी ती मला म्हणाली, “या बायकांकडं बघा. पाण्याची बाटली परत्येकीजवळ हाय. कोण पिऊन राहिलं का?”

मी पाहिलं. मेथी विकणारी, कोथिंबीर विकणारी, सिद्धेश्वर धरणाकडून मासळीच्या पाट्या घेऊन आलेल्या बायका, सगळ्यांजवळ बाटल्या होत्या. त्या बाटलीतलं पाणी ओंजळीत घ्यायच्या आणि भाजीवर शिंपडायच्या. मेथी टवटवीत, आणि तिच्यामागं बसलेल्या बाईचे ओठ फुटलेले. सकाळी घरून निघताना घोटभर पाणी, ते संध्याकाळी घरी गेल्यावर पुन्हा. मधल्या वेळात प्यायलं तर जायचं कुठं?

“माझी आई अशीच बसायची,” ती म्हणाली. तिचं माहेर धरणाच्या बाजूला. “आमाला वाटायचं, आईला तहानच लागत न्हाई.”

जागा एकच मोकळी होती, बाजारातल्या जुन्या वजनकाट्याशेजारची. पण त्या जागेवर नगराध्यक्षांना दुकानांचे गाळे बांधायचे होते; गाळ्यांच्या भाड्यावर नगरपंचायत चालेल असं त्यांचं म्हणणं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. समोर बांगड्यांच्या आणि कापडाच्या दुकानांची जुनी ओळ. त्या ओळीला दुकानासमोर संडास नको होता. त्या ओळीतले मोठे दुकानदार म्हणजे विरोधी पक्षाचे गटनेते. पिढ्यान् पिढ्या बांगड्या विकणारं मुसलमान घर, सगळं गाव त्यांना भाई म्हणायचं. अध्यक्ष आणि भाई यांचं कशातच जमत नसे. पाण्याच्या टाकीवरून, रस्त्यावरून, झेंडावंदनाच्या मंडपावरूनसुद्धा त्यांची भांडणं व्हायची. एकाच गोष्टीत दोघांचं गुपचूप जमलं होतं, आणि ती म्हणजे तिचा विषय पुढं ढकलणं. अध्यक्ष तो विषयपत्रिकेत सगळ्यात शेवटी टाकायचे, भाईंची माणसं आधीच्या विषयांवर बोलत बसायची, आणि तिथवर पोचेपर्यंत सभा तहकूब. जो शब्द तिनं एवढ्या कौतुकानं घरी आणला, तोच तिच्या वाटेत आडवा पडायला लागला.

ती भाईंच्या दुकानात बांगड्या भरायला जायची तेव्हाही भांडायची. “भाई, एवढ्या बायकांचे हात तुमच्या हातात येतात. कधी इचारलं का त्यांना, तकलीफ काय हाय?”

“वैनी,” भाई म्हणायचे, “बांगड्या भरताना बाई हात देती. मनातलं थोडंच सांगती?”

“मग या एक दिवस बाजारात बसायला.”

ते खरंच गेले. अर्धी गोष्ट मला तिनं सांगितली, अर्धी नंतर भाईंनी. बाजारच्या दिवशी सकाळी हिनं मेथीवालीच्या पोत्यावर त्यांना आपल्या शेजारी बसवून घेतलं. ही मेथीवाली म्हणजे शेजारच्या खेड्यातली एक म्हातारी, तोंडाची मोठी फटकळ. माझ्या बायकोनं भाईंना चहा पाजला. मग उसाचा रस. मग पुन्हा चहा. स्वतः मात्र घोटभरही घेतलं नाही. ऊन वर आल्यावर भाई चुळबुळ करायला लागले, ‘आलोच’ म्हणून उठले, काट्याच्या भिंतीमागं गेले आणि परत येऊन बसले.

म्हातारीनं भाजीवर पाणी मारता मारता विचारलं, “भाई, कुठं जाऊन आलात?”

“कुठं न्हाई. जरा...”

“आमाला बी न्या की तिकडं. एकल्यानंच काहून जाता?”

सगळी ओळ हसली. मासळीवाल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. भाईंचा चेहरा कसा झाला ते हिनं मला करून दाखवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात आले, आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, “वैनी, दार भिंतीकडं करा. दुकानांकडं नको. बाकी माझ्या ओळीचं मी बघतो.”

ती त्या दिवशी घरभर गुणगुणत होती. पण विरोधकांचा होकार अध्यक्षांना नकारापेक्षा जड गेला. भाई हो म्हणतात म्हणजे यात काहीतरी मेख आहे, असं त्यांनी धरलं. विषय शेवटचाच राहिला. सभा तहकूब होतच राहिल्या.

मध्यंतरी नगरपंचायतीतले एक म्हातारे सदस्य वारले. आमच्या गावची एक रीत आहे. ती कोणी सुरू केली मला ठाऊक नाही. चालू सदस्य गेला की पुढच्या सभेत पहिला विषय शोकप्रस्तावाचा. सगळे उभे राहतात, मग अध्यक्ष सभा तहकूब करतात, आणि सगळी सभा तशीच उठून पायी त्या सदस्याच्या घरी जाते. गाडी नाही, घोषणा नाही. त्या दिवशी ती घरी आली तेव्हा तिचा चेहरा वेगळाच होता.

“अहो, दोन्ही बाजूचे एका ओळीत चालले. कोण कुणाच्या मागं, काही हिशेब न्हाई. ऊन लागतं म्हून अध्यक्षांनी आपला रुमाल भाईंच्या डोक्यावर टाकला. दोघांच्या बी ध्यानात न्हाई आलं.” थोड्या वेळानं म्हणाली, “माझ्या येळेला चालतील का असे?”

मी म्हणालो, असलं काही बोलू नको.

“का? मरण काय तहकूब होतं का?”

ते झालं ते असं अचानक. सकाळी कणीक मळताना ती खाली बसली. आम्ही हिंगोलीला नेलं, पण वाटेतच सगळं आटोपलं होतं. त्याविषयी मी एवढंच लिहू शकतो.

एक गोष्ट मात्र लिहिली पाहिजे. तिला न्हाऊ घालून नवं लुगडं नेसवत होते, तेव्हा भाई मागच्या दाराला आले आणि माझ्या भावजयीच्या हाती वर्तमानपत्रात बांधलेला हिरवा चुडा दिला. “वैनीच्या मापाचा हाय,” म्हणाले आणि बाजूला जाऊन भिंतीला टेकून उभे राहिले. भावजय नंतर सांगत होती, गार पडलेल्या हातात बांगड्या जात नाहीत, तडकतात. यातली एकही तडकली नाही. तिरडीला पुढून खांदा अध्यक्षांनी दिला. दुसऱ्या बाजूला भाई होते. दोघांची उंची सारखी नसल्यामुळं भाईंना वाकून चालावं लागलं, आणि ते नदीपर्यंत तसेच वाकून चालले.

दिवसकार्य उरकलं. घरातले पाहुणे पांगले. आणि एका दुपारी दाराशी मोटारसायकल थांबली. मी खिडकीतून पाहिलं. गाडी भाईंची होती आणि मागच्या सीटवर नगराध्यक्ष बसले होते. हे दोघे एका गाडीवर आमच्या गावात कुणी पाहिले असतील असं मला वाटत नाही. गल्लीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या.

दोघे आत आले, तिच्या फोटोला हात जोडले आणि माझ्यासमोर बसले. मग अध्यक्षांनी सुरुवात केली.

“सर, रिवाज तुमाला माहीत हाय. शोकप्रस्ताव पहिला. मग सभा तहकूब. मग सगळे पायी इथं.”

“माहीत आहे,” मी म्हणालो.

“आन् ही शेवटची सभा हाय.”

मला उमगायला वेळ लागला. भाईंनी समजावून सांगितलं. नगरपंचायतीची मुदत संपत होती. निवडणूक कधी होईल ते कुणालाच माहीत नव्हतं. मुदत संपली की सरकारी प्रशासक बसणार, बाहेरचा माणूस. ठराव झालेला असला तर तो पुढं नेईल. नसला, तर वजनकाट्याशेजारी बायकांसाठी काही बांधायचं होतं हे कुणाच्या लक्षातही राहणार नाही.

“सभा तहकूब झाली तर फिरून भरत न्हाई, सर,” भाई म्हणाले. “वैनीचा विषय...”

“मग तहकूब करू नका,” मी म्हणालो.

“ते कोण म्हणंल?” अध्यक्ष म्हणाले. “मी म्हनलो, तर यांची मानसं गावभर सांगतील, सोताच्या पक्षाच्या बाईचा मान ठेवला न्हाई.”

“आन् मी म्हनलो, तर यांची मानसं सांगतील, मेल्यावर बी वैर सोडलं न्हाई. म्हून दोघं आलो, सर. एका गाडीवर आलो. कुणी एकटा येऊन गेला असं व्हायला नको.”

“पेट्रोल याचंच जाळलं,” अध्यक्ष हळूच म्हणाले.

मला हसू आलं नाही. पण ती असती तर हसली असती, असं मनात येऊन गेलं. मी त्या दोघांना खरं ते सांगितलं. म्हातारे सदस्य गेले त्या दिवशी ती काय म्हणाली होती, ते सांगितलं. माझ्या वेळेला चालतील का असे, हा तिचा प्रश्न त्यांच्यासमोर जसाच्या तसा ठेवला. आणि हेही सांगितलं की ती गेल्यापासून मी त्या दिवसाची वाट पाहतो आहे. मला आणखी काही नको आहे, मला फक्त सगळ्यांना तिच्यासाठी चालत येताना बघायचं आहे. तिचा विषयही तिचाच, आणि ही इच्छाही तिचीच. यातलं कोणतं मी सोडू, ते मला कळत नाही.

भाईंनी मान खाली घातली. अध्यक्ष तिच्या फोटोकडं बघत राहिले. मी विचारलं, सभा झालीच, तर तिचा विषय मंजूर होईल का?

गाळ्यांचा प्रश्न तसाच होता, आणि भाईंनी शब्द दिला होता तरी त्यांच्या ओळीतले दुकानदार अजून वळले नव्हते. पण मेलेल्या माणसाच्या घरात बसून दुकानं आणि संडास यांची घासाघीस करायची दोघांनाही लाज वाटत होती. मी ते बघत होतो. एकजण बोलायला तोंड उघडायचा आणि फोटोकडं बघून मिटायचा.

मग अध्यक्षांनी खांद्यावरचा रुमाल काढला, गुडघ्यावर पसरला आणि उजवा हात त्याखाली घातला. भाईंकडं बघितलं. भाईंनी खुर्ची थोडी पुढं ओढली आणि आपला हात रुमालाखाली सारला.

बैलबाजारात हे मी लहानपणी लांबून पाहिलं होतं. सौदा करायचा असला की दोघे हातावर कापड टाकतात आणि खाली एकमेकांची बोटं धरून भाव सांगतात. भोवती कितीही माणसं असली तरी भाव त्या दोघांनाच कळतो. दोघेही त्या बाजारात वाढलेले. अध्यक्षांच्या घरी बैलजोड्या, भाईंचे मामा जनावरांचे दलाल. पण नगरपंचायतीचा सौदा असा झालेला मी कधी ऐकला नव्हता, आणि माझ्या बैठकीत, तिच्या फोटोखाली, असं काही होईल याची कल्पनाही केली नव्हती.

रुमाल हलत होता. कधी एका बाजूनं उचलला जायचा, कधी दबायचा. अध्यक्षांनी एकदा जोरात मान हलवली. भाईंनी डोळे मिटून घेतले. मग पुन्हा रुमाल हलला, अगदी सावकाश. बाहेर कुणाच्या तरी घरी मिक्सर चालू होता, तो थांबला. मी त्या पांढऱ्या कापडाकडं बघत होतो. आयुष्यभर मी लिहिलेल्या शब्दांवर विश्वास ठेवला, आणि इथं एक अक्षरही न उच्चारता दोन माणसं माझ्या बायकोचं राहिलेलं काम पुरं करत होती. मला काहीच कळत नव्हतं, आणि तरी काहीतरी मोठं चाललं आहे एवढं कळत होतं.

रुमाल थांबला. अध्यक्षांनी तो उचलला आणि त्यानंच तोंड पुसलं.

“झालं,” ते म्हणाले.

“शोकप्रस्ताव शेवटी घेऊ,” भाई म्हणाले. “तवर वैनी सभेत हायेत.”

“पहिलाच घ्यावा असं कुठं लिहिलंय?” अध्यक्ष म्हणाले, जणू भाईंनी त्यांच्याशी वाद घातला होता.

मी विचारलं, “आणि नंतर चालत याल?”

“येऊ,” दोघे म्हणाले.

सभेच्या दिवशी मी पहिल्यांदा त्या इमारतीची पायरी चढलो. पायरीवर थोडा थांबलो. तिनं मला घातलेली बंदी ती असतानाच उठवायची राहून गेली होती. प्रेक्षकांच्या बाकावर मी कडेला बसलो. समोर दोन्ही बाजूंना सदस्य, मध्ये अध्यक्ष, त्यांच्या शेजारी मुख्याधिकारी मॅडम. परजिल्ह्यातून आलेल्या, वयानं लहान. तिची खुर्ची जागेवर होती, समोर तिच्या नावाची पाटी तशीच. कुणीतरी पाटी पुसली होती. शेजारच्यांच्या पाट्यांवर धूळ होती.

अध्यक्षांनी सभा सुरू झाल्याचं सांगताच विरोधी बाजूचे एक वयस्क सदस्य सवयीनं शोकप्रस्तावासाठी उभे राहिले आणि हात जोडले. तिच्या पक्षाच्या सदस्यानं पलीकडून वाकून त्यांच्या सदऱ्याचं टोक ओढलं. “बसा बसा, आजून न्हाई.” म्हातारबुवा गोंधळून बसले.

‘अजून नाही’ हे शब्द मी मनाशी पुन्हा म्हटले. त्या दालनात माझी बायको अजून वारली नव्हती. एकमेकांच्या तोंडाकडं न बघणारी ती सगळी माणसं आपापल्या जागी बसून तिला थोडा वेळ धरून होती.

मॅडम विषय वाचायला लागल्या. तिचा विषय या वेळी शेवटी नव्हता, पहिलाच होता. “सूचक म्हणून ज्यांचं नाव आहे, त्या...” मॅडम थांबल्या. सूचक म्हणजे विषय मांडणारा सदस्य. तो हयात नसेल तर विषय मांडणार कोण?

“वाचा तुमी,” अध्यक्ष म्हणाले. “सूचक कोन ते सभा सांगंल.”

भाई उठले. “सूचक मी.”

माझ्या शेजारी बाकावर त्यांच्याच ओळीतले एक कापड दुकानदार बसले होते. ते तिथूनच ओरडले, “भाई, आमच्या दुकानासमोर? तुमी?”

भाईंनी मागं वळूनही पाहिलं नाही. उत्तर अध्यक्षांनी दिलं. “दार भिंतीकडं हाय. मदी भिंत उचलून घेतो, वर येल चढवतो. तुमच्या दुकानातून काही दिसलं, तर माझ्या घरी येऊन मला बोला. भाईंना बोलायचं न्हाई.”

मग अध्यक्षांच्याच बाजूचा एक सदस्य तावातावानं उठला. “आन् आपल्या गाळ्यांचं काय? कार्यकर्त्यांना शब्द दिलाय आपन.”

या वेळी अध्यक्ष बोलले नाहीत. भाई बोलले. “गाळे काट्याच्या पल्याडच्या चिंचोळ्या पट्टीत व्हतील. कमी व्हतील, पण व्हतील. आमची बाजू त्याला आडवी येणार न्हाई. कमी पडले म्हून राग आला, तर माझ्यावर काढा. अध्यक्षांनी लई वढून धरलं होतं, मीच सोडलं न्हाई.”

तेव्हा मला रुमालाखाली काय झालं असेल याचा अंदाज आला. बोटांनी गाळे कमी-जास्त झाले असतील, ते होणारच. पण त्याशिवाय आणखी एक देवाणघेवाण झाली होती, जी बोटांनी सांगता येत नाही. प्रत्येकानं दुसऱ्याची माणसं आपल्या अंगावर घेतली होती. भाईंच्या लोकांचा राग अध्यक्ष झेलत होते आणि अध्यक्षांच्या लोकांचा भाई. ज्याच्याशी जन्मभर भांडलो त्याला त्याच्या स्वतःच्या माणसांपासून वाचवायचं, असा तो सौदा होता. हे त्या दोघांना कसं सुचलं आणि एका कापडाखाली एकमेकांना कसं कळलं, ते मला आजही सांगता येत नाही.

“अनुमोदक?” मॅडमनी विचारलं.

दोन्ही बाजूंनी एकदम आवाज आला. कोण आधी बोललं ते कळेना. मॅडम पेन धरून इकडं तिकडं बघत राहिल्या. “एकच नाव लागतं,” त्या म्हणाल्या.

“मग त्या म्हातारबुवांचं लिहा,” मागून कोणीतरी म्हणालं. “ते मगाच उभे राहिले होते.”

दालनभर हसू पसरलं. म्हातारबुवा पुन्हा उभे राहिले आणि या वेळी कोणी सदरा ओढला नाही. ठराव मंजूर झाला. तिच्या पाटीसमोर पंख्याच्या वाऱ्यानं विषयपत्रिकेचा कागद फडफडत होता. मी तिच्या खुर्चीकडं पाहिलं. मला तिथं कुणी दिसलं वगैरे म्हणणार नाही. खुर्ची रिकामी होती.

बाकीचे विषय भराभर उरकले. मग अध्यक्ष उभे राहिले आणि शोकप्रस्ताव वाचला. त्यांचा आवाज मध्ये अडकला, तेव्हा पुढची ओळ भाईंनी जागेवरूनच म्हटली. सगळे उभे होते. मीही उभा राहिलो. त्या शांततेत मला एवढंच जाणवलं की ती आता गेली. घरी गेली नव्हती, दवाखान्याच्या वाटेवर गेली नव्हती, नदीवरही नाही. ती इथं गेली, आपलं काम झाल्यावर.

अध्यक्षांनी रुमालानं डोळे पुसले आणि म्हणाले, “सभा तहकूब.”

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, “सर, सगळे विषय झाले. सभा संपली, असं म्हणावं लागेल. तहकूब म्हटलं तर ती पुन्हा भरवावी लागते, आणि आता तर...”

“तहकूबच म्हणायचं,” अध्यक्ष म्हणाले.

मॅडमनी भाईंकडं पाहिलं. विरोधी गटनेते, ते तरी हरकत घेतील असं त्यांना वाटलं असावं.

“तहकूब,” भाई म्हणाले. “बराबर हाय.”

मॅडमनी कागदावर काय लिहिलं ते मला माहीत नाही, मी कधी विचारलं नाही. पण त्या दालनात मोठ्यानं बोललं गेलं ते हेच. ती सभा पुन्हा भरलेली नाही. ती संपलेलीही नाही.

मग सगळे पायी निघाले. मीही त्यांच्यात चालत होतो, माझ्याच घरी सांत्वनाला. दोन्ही बाजूचे एका ओळीत, कोण कुणाच्या मागं काही हिशेब नाही, जसं तिनं सांगितलं होतं तसंच. ऊन होतं. बाजारातून जाताना दुकानदार उभे राहिले. वजनकाट्याजवळ ओळ आपोआप सावकाश झाली, थांबली मात्र नाही. मॅडमही चालत होत्या, सँडल हातात घेऊन. एका सँडलचा पट्टा तुटला होता. घरी आल्यावर सगळे अंगणात बसले. चहा किती जणांचा टाकावा ते मला कळेना, तेव्हा गल्लीतल्या बायकांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं.

प्रशासकांच्या काळात ते बांधकाम झालं. दार भिंतीकडं आहे. वेल अजून भिंतीवर नीट चढलेली नाही. अध्यक्ष आणि भाई पुन्हा भांडायला लागले आहेत. येत्या निवडणुकीत दोघे एकमेकांविरुद्ध काय काय बोलतील याची गावाला आतापासून उत्सुकता आहे.

मी बाजारच्या दिवशी जातो. फार काही घ्यायचं नसतं, एकट्याला किती भाजी लागते. मागच्या बाजारी ऊन चांगलंच वर आलं होतं. फटकळ म्हातारीनं मेथीवर पाणी शिंपडलं, मग बाटली वर केली आणि घटाघटा प्यायली. हनुवटीवरून ओघळ गळ्यापर्यंत आला. मी पिशवी घेऊन तसाच उभा होतो.

“काय बघून राहिले, सर?” ती बाटलीचं झाकण लावता लावता म्हणाली. “पानी पिऊन राहिले.”